विमावाले आणि औषधवाले एका टेबलावर बसायच्या आधी

मी चोपड्याला मेडिकल चालवतो, म्हणून हे काउंटरवरून जे दिसतं त्यावरून लिहितोय. प्रायव्हेट हेल्थ इन्शुरन्सवाले आणि फार्मा कंपन्या आपल्या खान्देशात मिळून काही करणार असतील तर सगळ्यात आधी एकच आजार धरा, सगळे एकदम नको. मी म्हणेन स्टेंट (हृदयाची अडलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलेला पेशंट घ्या. का, तर आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंतच मिळतो, आणि हार्ट अटॅकनंतर स्टेंट टाकला की अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी गुठळी होऊ न देणारी दुसरी गोळी साधारण वर्षभर घ्यावी लागते. तिसऱ्या महिन्यात माणूस येतो, म्हणतो भाऊ अर्धीच पट्टी द्या, चौथ्या महिन्यात येतच नाही. गोळी मधेच सुटली की स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका वाढतो, मग परत आयसीयू, आणि ते मोठं बिल विमा कंपनीच भरते! स्वस्तातली गोळी मात्र पेशंटच्या खिशातून. हे बघून खरंच जीव तुटतो.

मग मीटिंगला येताना विमा कंपनीने जळगाव, धुळे, नंदुरबारचे किती स्टेंट पेशंट वर्षाच्या आत परत अ‍ॅडमिट झाले तो आकडा काढून आणावा, आणि फार्मावाल्यांनी माल किती खपला ते सांगत बसू नये, गोळी सलग घेतली की नाही हे कसं मोजणार ते सांगावं. गोळीचे पैसे कोण किती टाकणार, गोळी चालू असून पेशंट परत अ‍ॅडमिट झाला तर हिशोब कसा, हे आधीच कागदावर घ्या.

कोणत्या गोळ्या मिळणार त्या यादीत औषधाचं नाव लिहा, ब्रँडचं नको, ते डॉक्टर ठरवतील. फार्मा कंपन्यांसाठीच्या २०२४ च्या मार्केटिंग कोडनुसार डॉक्टरांना गिफ्ट चालत नाही, तेव्हा ट्रेनिंगच्या नावाखाली काही वाटायचं डोक्यातही आणू नका.

संमतीचा कागद वेगळा ठेवा, पॉलिसीच्या बारीक अक्षरात घुसवू नका. पेशंटची माहिती कंपनीकडे जाणार असेल तर २०२३ चा डेटा कायदा आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे माणसाला समजलं पाहिजे. म्हातारी आजी सरळ विचारते, "आमनी माहिती कोणले देतस?" तिला अहिराणीतच उत्तर देणारा माणूस तयार ठेवा. नाव काढूनच आकडे फार्माकडे जाऊ द्या.

गोळी मिळायची सोय तर नीटच बघा. आपली किती माणसं कामाला सुरतेला असतात, त्यांना रिफिल तिथेही मिळायला हवं, धडगाव अक्कलकुव्याकडे रेंज नसते तिथे अ‍ॅपवर भिस्त नको, दुकानात साधं रजिस्टर ठेवा. आणि आमच्यासारख्या दोन-तीन मेडिकलवाल्यांना पहिल्याच बैठकीला बोलवा, कारण पट्टी अर्धी मागितली हे पहिलं आम्हालाच कळतं.