स्नायपर रायफलची प्रतिकृती: बॅरल कातून घेताना या चुका टाळा

नाटकासाठी असो की शोकेससाठी, स्नायपर रायफलची प्रतिकृती फसते ती बहुतेक वेळा बॅरलमध्ये. दस्ता मेहनतीने कोरलेला असतो, दुर्बीण नीट बसलेली असते, तरी बघणाऱ्याला ती शिकारीची बंदूक वाटते. बॅरल बारीक पडलेली असते, नाहीतर जाडी बरोबर असूनही उतार भलत्याच जागी सुरू झालेला असतो.

इथे जे सांगतोय ते फक्त न उडणाऱ्या, भरीव रॉडच्या बॅरलबद्दल. तोंडाशी साडेसात मिमीचं भोक, तेही १२ मिमी खोल, एवढंच. आरपार भोक नाही, चेंबर (काडतूस बसायची जागा) नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६प्रमाणे नकली बंदुकीची खरी करायला परवाना लागतो. गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या वर्कशॉपमध्ये काम टाकताना ड्रॉइंगवरच ‘भरीव, प्रदर्शनासाठी’ असं लिहा. टर्नरच्या मनात शंका राहत नाही.

रायफल न ठरवता ‘जाड बॅरल’ मागणं

सगळ्या स्नायपर रायफलींची बॅरल जाड नसते. भारतीय लष्करात वर्षानुवर्षं वापरलेल्या ड्रॅगुनोव्हची बॅरल ६२० मिमी लांब आणि बारीक असते. जर्मन कार-९८के करायची तर बॅरल पायऱ्यापायऱ्यांची हवी. ती एकसारख्या उतारात कातली की मॉडेल तिथेच संपलं. अमेरिकी मरीन कोअरची एम-४० (१९६६) रेमिंग्टन ७००च्या वार्मिंट (लहान प्राण्यांच्या शिकारीसाठीच्या, जाडसर) बॅरलवर उभी आहे, तर अमेरिकी लष्कराची एम-२४ (१९८८) त्याहून भारदस्त. आधी मॉडेल ठरवा, मगच व्हर्नियर हातात घ्या.

एम-२४साठी बॅरल बनवणारे जो कॉन्टूर (लांबीभर जाडी कशी बदलते ते माप) देतात तो साधारण असा: बुडाशी, म्हणजे मागच्या टोकाला, १.२ इंच (३०.४८ मिमी), २६ इंचांवर ०.९ इंच (२२.८६ मिमी). वार्मिंटचं बूड तेवढंच, पण टोक सुमारे ०.८३ इंच, म्हणजे २१ मिमी. साध्या शिकारी बॅरलचं टोक साडेसोळा मिमीच्या आसपास येतं.

बुडापासून ३०० मिमीवर, जिथे दस्ता संपतो, तिथे एम-२४ आणि वार्मिंटमध्ये जेमतेम ०.७ मिमीचा फरक पडतो. त्यामुळे बॅरल दस्त्यातल्या खाचेत छान बसली म्हणून ती बरोबर आहे असं समजू नका. खरा फरक तोंडाशी दिसतो. फोटोवरून पडताळायचं तर एम-२४च्या जुन्या ल्युपोल्ड दुर्बिणीची नळी ३० मिमीची आहे. बरोबर बाजूने घेतलेल्या फोटोत बॅरलचं बूड आणि ती नळी जवळजवळ सारखीच जाड दिसायला हवी. तिरक्या फोटोवरून माप काढू नका, तोंडाकडचा भाग नेहमी खोटं सांगतो.

२६ इंचांचं माप २४ इंचांवर लावणं

ही चूक जाणकारसुद्धा करतात. एम-२४ची बॅरल २४ इंच, म्हणजे ६१० मिमी. कॉन्टूरचं माप मात्र २६ इंचांच्या ब्लँकचं, म्हणजे न कापलेल्या बॅरलचं. ब्लँक दोन इंच कापला की तोंड आपोआप जाड राहतं. पहिले ७५ मिमी सरळ आणि पुढे एकसारखा उतार धरला, तर ६१० मिमीवर व्यास २३.५ मिमी येतो. तिथे २२.८६ कातलं तर उतार तीव्र होतो आणि पुढचा भाग केविलवाणा दिसतो.

टर्नरला दोनच टोकांचे व्यास देऊ नका. चार ठिकाणचे द्या: ७५ मिमीवर ३०.५, २५० वर २८.२, ४३० वर २५.८५, ६१० वर २३.५. प्रत्येक ठिकाणी ०.२ मिमी इकडेतिकडे चालेल.

लेथवर उतार चुकणं

हा उतार एका बाजूने फक्त ०.३७ अंशाचा आहे. कंपाउंड स्लाइड (लेथवर हत्यार धरणारी छोटी सरक) फिरवून तो साधायला गेलं तर स्लाइडची चाल इतक्या लांबीला पुरत नाही. तुकड्या-तुकड्यांत कातलं की जोडाच्या रेघा राहतात आणि मॅट काळ्या रंगाखालीही त्या उठून दिसतात. टेपर अटॅचमेंट (लांब उतार कातायचं जोडसाधन) नसेल तर टेलस्टॉक, म्हणजे रॉडचं दुसरं टोक धरणारा लेथचा भाग, आडवा सरकवा. सेंटर ते सेंटर ६४० मिमीच्या रॉडला ४.२ मिमी पुरेल. मात्र जॉब चकमध्ये न धरता दोन सेंटरमध्येच धरायचा, नाहीतर तो वाकतो.

बॅरल मध्येच फुगीर आली, तर रॉड कटिंगच्या दाबाने मागे सरकलाय. शेवटचे पास हलके घ्या, धार नवी लावा, ॲल्युमिनियमला घासलेट वापरा आणि शेवटी पॉलिश पेपरने लांब हात मारा.

खाच घट्ट ठेवणं

गोव्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एम-४०चे लाकडी दस्ते व्हिएतनामच्या दमट हवेत फुगून वाकले, म्हणून पुढच्या एम-४०ए१ला फायबरग्लासचा दस्ता आला. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीच हवा. एप्रिलमध्ये ०.५ मिमी फट ठेवून बसवलेली बॅरल ऑगस्टमध्ये लाकडाला टेकते आणि एका बाजूला ढकलली जाते. दोन्ही बाजूंना दीड ते दोन मिमी फट ठेवा. लाकूड चांगलं मुरलेलं सागवान घ्या. बाहेरून तीन हात पॉलिश मारून खाच कोरडी सोडतात, पण ओल तिथूनच शिरते. खाचेच्या आत, दस्त्याच्या टोकाला आणि स्क्रूच्या भोकांतही सीलर गेलाच पाहिजे.

वजन, गंज, रंग

या आकाराची भरीव पोलादी बॅरल सुमारे २.८५ किलो भरते, ॲल्युमिनियमची एक किलोच्या आत. नटाला तासभर खांद्यावर वागवायची असेल तर ॲल्युमिनियमच घ्या आणि तोल साधायला दस्त्याच्या पुढच्या भागात, खाचेखाली, लोखंडी पट्टी बसवा. वजन वाढवायला बॅरल पोकरून सळई घालू नका.

ॲल्युमिनियमची बॅरल थेट पोलादी भागात बसवली तर खाऱ्या हवेत सांध्याला पांढरी पूड धरते, मग ती निघता निघत नाही. बसवण्याआधी दोन्ही पृष्ठांवर इपॉक्सी प्रायमर मारून पूर्ण सुकू द्या. ॲल्युमिनियमवर रंगाआधी वॉश प्रायमर लागतोच, नाहीतर नखाने पापुद्रे निघतात. भर पावसात लॅकर फवारला तर मॅट काळा रंग पांढरट, धुरकट होतो. तसं झालं तर वरून दुसरा हात न मारता कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा, मग ४०० नंबरच्या पेपरने हलकं घासून पुन्हा मारा.