रिबेकाची नथ किती कॅरेटची?

शुक्रवारी म्हापशाचा बाजार, त्यात दुकान भरलेलं. तेवढ्यात आमची ओळखीची आंटी बायबल उघडून काउंटरवर ठेवते. "शेट, ही रिबेकाची नथ एक बेका वजनाची. तेवढ्याच वजनाचा खडा घेतला तर किती कॅरेटचा?"

मी म्हटलं, आधी ग्रॅम काढू. बेका आणि शेकेल ही बायबलमधली जुनी वजनं, त्यांवरून थेट कॅरेटवर उडी मारली की माणूस पडतोच.

जुन्या यहूदा राज्यातले घुमटासारखे दगडी वजनगट्टे उत्खननात सापडलेत. त्यांवरून शेकेल साधारण ११.३३ ग्रॅमचा धरतात. आमचा तोळा ११.६६४, म्हणजे शेकेल तोळ्याला जवळपास तीन गुंजा कमी. हे एकदा हातात बसलं की पुढचं सोपं. बेका अर्धा शेकेल, ५.६६ ग्रॅम. बायबलच्या निर्गम पुस्तकात एका शेकेलचे वीस गेरा सांगितलेत, म्हणून गेरा ०.५७ ग्रॅम. बाबांच्या डबीतल्या पाच गुंजा काट्यावर टाकून आंटीला दाखवलं: गेरा याहून किंचित हलका.

आता कॅरेट. खड्याचा एक कॅरेट ०.२ ग्रॅमचा, १९०७ पासून. म्हणून ग्रॅमला पाचाने गुणायचं. शेकेल साडेछप्पन, बेका सव्वाअठ्ठावीस, गेरा पावणेतीनच्या थोडा वर. दशांशाच्या पुढचे आकडे लिहू नका. ते गट्टेच एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, तिथे तुमचा डिजिटल काटा काय करणार? जेरुसलेमचा बेका लिहिलेला एक दगड २०१८ साली उजेडात आला, त्यावर अक्षरंही उलटी कोरलीत, मोहोरेवर कोरतात तशी. शिक्के कोरणाऱ्याचा हात असावा. सवय जात नाही हो.

सोन्याचं बावीस कॅरेट मात्र यात आणू नका, ती शुद्धता. नथीतलं सोनं अर्ध्या तोळ्याला जरा कमी, एवढंच. बायबलमधल्या दावीद राजाला मिळालेल्या मुकुटाचं वजन एक तालांत, म्हणजे तीन हजार शेकेल, ३४ किलो. त्याचे कॅरेट मी काढले नाहीत. "मान मोडली नाही त्याची?" आंटीने विचारलं.

गेराचं रत्तीत रूपांतर करायचं असेल तर जपून. सोनाराची रत्ती, म्हणजे आमची गुंज, ०.१२१५ ग्रॅम. खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती तिच्या दीडपट, ०.१८२. माझा एकदा इथेच घोळ झाला. गिऱ्हाईकाच्या चिठ्ठीवर 'पुष्कराज ५ रत्ती' होतं, मी गुंजेच्या हिशोबाने तीन कॅरेटचा बसवला. ज्योतिषाला हवा होता साडेचारचा. खडा बदलला, कोंदण नव्याने केलं, घडणावळ माझ्या खिशातून गेली. तेव्हापासून चिठ्ठीवर रत्ती दिसली की मी आधी ज्योतिषालाच फोन लावतो.