सुट्टीला निघताना वेपची डबी कशी भरावी

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडून वेपवर, म्हणजे निकोटीनचं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगारेटवर, आलेल्या माणसाची परीक्षा घरी होत नाही, बाहेरगावी होते. घरी कॉइल, म्हणजे वेपमधला तापणारा भाग, जळाली तर दोन गल्ल्या सोडून दुकान असतं. स्कॉटलंडच्या डोंगरात, भाड्याच्या कॉटेजवर रात्री नऊला करपट झुरका आला, तर सगळ्यात जवळ मिळणारी वस्तू म्हणजे पेट्रोल पंपावरचं वीस सिगारेटींचं पाकीट. कित्येक महिन्यांचा नेम असा एका संध्याकाळी मोडतो, तोही दोन-तीन पौंडांच्या कॉइलपायी. म्हणून ही तयारी. ज्यांनी सिगारेट कधी ओढलीच नाही त्यांनी आणि अठराच्या आतल्यांनी मात्र इथेच थांबावं. वेपचा उपयोग सिगारेट सुटण्यापुरता. नवं व्यसन लावून घ्यायला नव्हे.

तयारीला दोन दिवस आधी लागा. आदल्या रात्री काही बिघडलेलं सापडलं तर दुकानं मिटलेली असतात. आपल्या वेपचं मॉडेल कोणतं, त्याला कोणती कॉइल किंवा पॉड (लिक्विडची काढता-घालता येणारी छोटी टाकी) लागतं, हे खोक्यावर छापलेलं असतं. त्याचा आणि माहितीपत्रकाच्या पानांचा फोनवर फोटो काढून ठेवा. कॉइली दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही, आणि दुकानदारापुढे ‘ती बारकी, काळ्या रबराची’ असं वर्णन करून काही साधत नाही. 1 जून 2025 पासून ब्रिटनभर एकदा वापरून फेकायच्या वेपवर बंदी आली. आता जे विकायचं ते चार्ज होणारं, पुन्हा भरता येणारं आणि कॉइल किंवा पॉड सुटं मिळणारं असावं लागतं. मात्र सुटं मिळतं म्हणजे प्रत्येक खेड्यातल्या दुकानात तुमच्याच मॉडेलचं मिळतं असं नाही.

डबीत पहिल्यांदा जातात दोन सुट्या कॉइली. एक नाही, दोन, कारण नवीकोरी कॉइलही कधीकधी कारखान्यातूनच बिघडून येते. आणि वेपच्या बहुतेक तक्रारी शेवटी इथेच येऊन थांबतात. कॉइलच्या आत धातूची बारीक जाळी किंवा तार असते आणि तिला चिकटून कापूस. कापूस लिक्विड शोषतो, जाळी तापते, वाफ होते. कापूस कोरडा पडला की जाळी कापसालाच जाळते आणि घशात इस्त्रीखाली करपलेल्या कपड्यासारखं काहीतरी जातं. जळालेला कापूस पुन्हा पांढरा होत नाही. कॉइल गरम पाण्यात बुडवून, वाळवून परत लावणारे लोक आहेत. त्यांच्या चिकाटीचं कौतुक आहे, पण जळकी चव जात नाही. बदलून मोकळं व्हावं.

नवी कॉइल बसवायचीही रीत आहे, आणि सुट्टीच्या घाईत नेमकी तीच चुकते. कॉइलच्या कडेला दोन-चार छिद्रं असतात, त्यांतून आतला पांढरा कापूस दिसतो. प्रत्येक छिद्रावर लिक्विडचा एकेक थेंब सोडा. थेंब आधी फुगून बसतो, मग हळूच आत खेचला जातो आणि कापसाचा पांढरा रंग मळकट, ओलसर होतो. सगळी छिद्रं अशी ओली झाली की टाकी भरा आणि दहा मिनिटं नुसती ठेवा. मग बटण न दाबता तीन-चार हलके झुरके घ्या. टाकीत बारीक बुडबुडे वर आले म्हणजे लिक्विड कापसात शिरतं आहे. पॉडमध्ये कॉइल आतच पक्की बसवलेली असेल तर थेंब टाकायला जागाच नसते. भरायचं आणि पंधरा मिनिटं वाट बघायची. कॉइलच्या अंगावर वॉटचा पल्ला छापलेला असतो. सुरुवात त्यातल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून करा. पहिल्याच झुरक्याला वरचा आकडा लावला तर नवी कॉइल मिनिटात जुनी होते. हे सगळं घरच्या टेबलावर करून, एक दिवस वापरून मग निघा. जुनी कॉइल अजून बरी चालत असली तरी प्रवासाला नवीच लावलेली बरी.

कॉइल लवकर का जळते? एकामागून एक झुरके मारले तर कापसाला ओलं व्हायला वेळ मिळत नाही. दोन झुरक्यांत अर्धा मिनिट तरी जाऊ द्या. टाकीत लिक्विड छिद्रांच्या खाली गेलं असेल तरी तेच होतं. आणि मग ती गोड लिक्विडं. कस्टर्ड, डोनट, चॉकलेट असली नावं असलेल्या बाटल्यांत गोडी आणणारे पदार्थ असतात. ते वाफ न होता जाळीवर तपकिरी, चिकट थर धरून बसतात. साध्या पुदिन्याच्या लिक्विडवर दोन आठवडे चालणारी कॉइल त्यांच्यावर काही दिवसांत माना टाकते. प्रवासापुरतं तरी कमी गोडाचं लिक्विड घ्यावं असं माझं ठाम मत आहे. दाटपणाही बघा. बाटलीवर व्हीजी (ग्लिसरीन) आणि पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) यांचं प्रमाण असतं. व्हीजी दाट, पीजी पातळ. छोट्या पॉडला निम्मंनिम्मं मानवतं. 70 टक्के व्हीजीचं दाट लिक्विड तिथल्या बारीक छिद्रांतून पुरेसं उतरत नाही, थंडीत तर आणखीच घट्ट होतं, आणि दोष मात्र वेपला लागतो.

उलटा त्रास गळतीचा. ओढताना गुळगुळ आवाज येतो, तोंडात गरम थेंब उडतो, खिसा चिकट होतो. याला बहुधा कॉइलमध्ये लिक्विड जास्त झालेलं असतं. वेप उलटं धरून, तोंडाच्या भागाखाली टिश्यू लावून दोन-तीन झटके द्या, जादा लिक्विड निघून येतं. मग टिश्यूची बारीक वळी करून मधल्या नळीतून फिरवा. तरी थांबलं नाही तर टाकी उघडून रबरी कड्या तपासा. कॉइलच्या बुडाशी आणि टाकीच्या कडेला त्या असतात. पिळवटलेली किंवा चिरलेली कडी नखाला लगेच जाणवते. सुट्या कड्यांची पुडी बऱ्याचदा मूळ खोक्यातच पडून असते. ती शोधा आणि डबीत टाका. भरताना टाकी काठोकाठ भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. मधल्या नळीत थेंब जाऊ देऊ नका. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं वेप गळणारच, कारण गरम लिक्विड पातळ होऊन कापसातून वाहून जातं.

वेप पेटतच नसेल तर आधी घाबरू नका, पाच वेळा पटापट बटण दाबा. बटणाच्या कित्येक मॉडेलांत याने कुलूप लागतं आणि याच रीतीने ते निघतं. खिशात दाबलं जाऊन ते आपोआप लागलेलं असू शकतं. तसं नसेल आणि पडद्यावर ‘नो अ‍ॅटमायझर’ किंवा ‘चेक अ‍ॅटमायझर’ दिसत असेल, तर वेपला कॉइल सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ. पॉड काढा. पॉडच्या तळाशी आणि ते जिथे बसतं त्या खाचेत धातूचे छोटे टिकले असतात. त्यांवर लिक्विडचा पातळ थर साचलेला असतो. कोरड्या कापसाच्या काडीने दोन्हीकडचे टिकले पुसा, कॉइल घट्ट बसली आहे का ते बघा, पुन्हा लावा. एवढ्यावर बरीच मेलेली वेपं जिवंत होतात. ‘शॉर्ट’ असं काही दिसलं तर कॉइल बदला, त्याच कॉइलवर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. ओढल्यावर आपोआप सुरू होणाऱ्या वेपात खाचेच्या तळाशी एक बारीक छिद्र असतं, त्यामागे झुरका ओळखणारा सेन्सर. तिथे लिक्विड शिरलं की वेप गप्प तरी बसतं, नाही तर कुणी न ओढता आपणहून तापू लागतं. तापू लागलं तर पॉड ताबडतोब काढा, वेप पलंग-पडद्यांपासून दूर ठेवा आणि ते परत वापरू नका. या सगळ्यासाठी डबीत दहा-बारा कापसाच्या काड्या आणि टिश्यूची एक घडी पुरते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. वेपबरोबर आलेली केबल न्या. माहितीपत्रकात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर 5 व्होल्ट, 1 अ‍ॅम्पिअरचा साधा चार्जर वापरा. लॅपटॉपचा दणकट चार्जर मिळाला म्हणून लावू नका. उशीवर, पलंगावर, किंवा सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. चार्ज होत नसेल तर आधी केबल बदलून बघा, मग पोर्टमध्ये साचलेला खिशातला कापूसकचरा लाकडी दातकोरणीने अलगद काढा, वेप बंद ठेवून. हिवाळ्यात रात्रभर गाडीत राहिलेलं वेप सकाळी अर्धमेलं वाटतं, ते थंडीमुळे. ते आत आणून खोलीच्या उबेवर येऊ द्या. लिथियमची बॅटरी शून्याखाली थंड असताना चार्ज केली तर आतून कायमची खराब होते.

सुटे सेल घालायचं मोठं वेप असेल तर आणखी एक तपासणी. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाडीचा, 65 मिलिमीटर लांबीचा सेल. त्याचं जवळजवळ सगळं धातूचं अंग ऋण टोक असतं, धन टोक फक्त वरची टिकली. दोघांच्या मध्ये राखण करायला असतं ते वरचं पातळ प्लॅस्टिक. ते वरच्या कडेला जरा जरी फाटलेलं दिसलं तर तो सेल नेऊ नका. आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात कधीच नाही. असे सेल पेटून लोकांच्या मांड्या भाजल्या आहेत. प्लॅस्टिकची सेलपेटी एक-दोन पौंडांत मिळते.

लिक्विडचा हिशोब सोपा. ब्रिटनच्या 2016 च्या नियमांनुसार टाकी जास्तीत जास्त 2 मिलीची, निकोटीन असलेली बाटली 10 मिलीची आणि निकोटीन मिलीमागे 20 मिलिग्रॅमपर्यंत. रोज एक टाकी संपत असेल तर चार दिवसांना 8 मिली, म्हणजे एक बाटली पुरावी. तरी दोन घ्या, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. सोबत मुलं असतील तर त्या उंचावर, कुलपात. पूर्ण तीव्रतेच्या एका बाटलीत 200 मिलिग्रॅम निकोटीन असतं, लहान पोराच्या जिवावर बेतेल इतकं. लिक्विड पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लगेच 111 या ब्रिटनच्या आरोग्य-हेल्पलाइनला फोन करावा, मूल मलूल झालं, त्याला झटके आले किंवा श्वासाचा त्रास दिसला तर थेट 999 या तातडीच्या नंबरला. लिक्विड संपलं म्हणून घरगुती प्रयोगही नकोत. निलगिरीचं, पुदिन्याचं, कसलंही तेल टाकीत जाता कामा नये. 2019 साली अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली. तिथे काळ्या बाजारातल्या गांजाच्या वेप-कार्ट्रिजांत मिसळलेलं ई जीवनसत्त्वाचं तेलकट रूप मुख्य संशयित ठरलं होतं.

आता डबीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, जिचा वेपशी संबंधच नाही: निकोटीनचा च्युइंगगम किंवा पट्टी. औषधाच्या कुठल्याही दुकानात मिळते, चार्ज लागत नाही, गळत नाही. वेप खरोखरच मेलं तर त्या रात्रीची तलफ यावर निभावते आणि पेट्रोल पंप लांबच राहतो.

विमानाने जाणार असाल तर वेप आणि सुटे सेल हातातल्या बॅगेत, सामानात दिलेल्या बॅगेत कधीच नाही, आणि विमानात चार्जिंगही नाही. विमान वर गेलं की केबिनमधला दाब कमी होतो, टाकीतली हवा फुगते आणि लिक्विडला कॉइलमधून बाहेर ढकलते. म्हणून टाकी रिकामी करून, वेप झिपच्या पिशवीत घालून न्यावं. उतरल्यावर भरावं.

हे स्पेन-पोर्तुगालच्या सुट्टीला ठीक. मुंबईचं तिकीट असेल तर डबी घरीच राहू द्या, च्युइंगगम तेवढा उचला. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. आयातीला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या पानाच्या ठेल्यावर चोरून मिळतं म्हणून विमानतळावर कस्टमवाला सोडेल असं नाही. जाताना वाटेत सिंगापूरला थांबणार असाल तर तिथेही बंदी आहे आणि ती कडक आहे. आणि पुण्याहून भाच्याचा फोन येईल, ‘मामा, येताना एक वेप आण ना, तिकडं भारी मिळतात.’ त्याला फोनवरच नाही म्हणा. विमानतळावर बॅग उघडली तर नाव तुमचं लागणार आहे, त्याचं नाही.