अल्फा रोमिओ जीटीव्ही बघायला निघण्यापूर्वी

जीटीव्ही ही साठ-सत्तरच्या दशकांतली इटालियन स्पोर्ट्स कूपे. निघण्याच्या आधी विक्रेत्याकडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचे स्पष्ट फोटो मागवा. चेसिसचा प्रकार १०५.४४ असेल तर गाडी १७५० जीटीव्ही, १०५.२१ असेल तर २००० जीटीव्ही. इंजिनावर अनुक्रमे ००५४८ आणि ००५१२ हे आकडे दिसले पाहिजेत. १३०० ज्युनिअरमध्ये, म्हणजे याच गाडीच्या लहान इंजिनाच्या स्वस्त प्रकारात, २००० चं इंजिन बसवलेल्या गाड्या सर्रास भेटतात. पळायला त्या झकास असतात, पण पैसे ज्युनिअरचेच मोजायचे. गाडी मुळात कोणत्या रंगात आणि कधी बनली, हे मिलानजवळच्या आरेझेमधल्या अल्फाच्या अभिलेखागारातून लेखी मिळवता येतं. ते सौदा ठरण्याआधी मिळवा, नंतर नव्हे.

विक्रेत्याला आणखी एक गोष्ट बजावून ठेवा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं.

सोबत मळले तरी चालतील असे कपडे, टॉर्च आणि मऊ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक घ्या. बेर्तोने या इटालियन डिझाइन कंपनीत असताना तरुण डिझायनर जुजारोने या गाडीची रेघ काढली, १९६३ साली ती बाजारात आली. रेघ आजही नजर खिळवते आणि तिथेच घात होतो, कारण खरी गाडी खाली, बुडाशी बघायची असते. दारांखालच्या सिलमध्ये पत्र्याचे थर एकावर एक आहेत. बाहेरचा थर नवा, चकचकीत आणि आतला कुजलेला, हा नेहमीचा प्रकार. जॅक लावायच्या जागा चाचपा, गालिचा उचलून पायाखालचा पत्रा बघा, डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिचा खड्डा तपासा, मागच्या चाकांच्या कमानींवरून लोहचुंबक फिरवा. तो चिकटला नाही तर शक्यता दोनच: आत पुट्टी भरली आहे, नाहीतर ही ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, शर्यतीसाठी बनलेली दुर्मिळ जीटीए आहे. दुसरी शक्यता सोडून द्या. लिफ्ट असलेलं गॅरेज तासाभरासाठी मिळत असेल तर ते भाडं आनंदाने भरा.

इंजिनाचं भय त्या मानाने कमी. दोन कॅमशाफ्टचं हे ॲल्युमिनियमचं इंजिन नीट सांभाळलं तर खूप चालतं, आणि उघडायची वेळ आलीच तर सुटे भाग मिळतात. दुखणं हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधल्या पातळ सीलचं. तेलाच्या झाकणाखाली पांढरट साय किंवा रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की भाव लगेच खाली आणा. अमेरिकेतून परत आलेल्या १७५० आणि २००० मध्ये कार्बुरेटरऐवजी स्पीका कंपनीचं मेकॅनिकल फ्युएल इंजेक्शन असतं. ते वाईट नाही, पण ते जाणणारा मिस्त्री आपल्या आसपास आहे का, हे आधी विचारून ठेवा.

चालवताना रेडिओ बंद. गाडी तापल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जरा झटक्यात या. करकरली तर सिंक्रो, म्हणजे गिअर अलगद जुळवणारा भाग, गेला. थंडीत पहिले काही किलोमीटर थोडी करकर बहुतेक गाड्या करतात, तेवढ्यावरून तोंड वाकडं करू नका. ब्रेक चारही चाकांना डिस्क आहेत, गाडी एका बाजूला ओढते का ते बघा.

परत आल्यावर बाहेरच्या क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, दिवे, आतली बटणं यांचे फोटो काढून एकेक मोजा. पिस्टन सहज मिळतो, पण त्या वर्षाची नेमकी ग्रिल शोधता शोधता वर्ष जातं. जे गायब असेल त्याची किंमत विक्रेत्यासमोरच वजा करा.