उपनगरात राहून तारे बघायला जागा कशी शोधायची

उपनगरात राहताय म्हणून तारे दिसतच नाहीत असं काही नाही, जागा तेवढी नीट बघावी लागते. आधी नेटवर लाइट पोल्युशन मॅप (कुठे दिव्यांचा किती उजेड आहे ते दाखवणारा नकाशा) उघडा, त्यात आकाश किती काळं आहे ते सांगणारी बोर्टल स्केल असते, १ म्हणजे एकदम काळंकुट्ट आकाश आणि ९ म्हणजे भर शहर. उपनगरं साधारण ५-६ मध्ये येतात, ४ ची जागा मिळाली तरी आकाशगंगा दिसायला लागते.

पण नुसत्या मॅपवर विसंबू नका, दिशा जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकं हेच लोक विसरतात. दक्षिणेकडचं आकाश बघायचं असेल तर शहराच्या दक्षिणेला जा, उत्तरेला गेलात तर शहराचा सगळा उजेड समोरच येणार आणि खालचे तारे गेलेच समजा. लांब जाणं जमत नसेल तर मैदानाचा कोपरा किंवा तलावाचा काठही चालतो, फक्त रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांवर यायला नको, झाड नाहीतर भिंत आड घ्या.

जागा कशी आहे ते कृत्तिकांवरून, म्हणजे ताऱ्यांच्या एका छोट्या पुंजक्यावरून कळतं. नुसत्या डोळ्यांनी ६ तारे मोजता आले तर मस्त, धुरकट ठिपकाच दिसला तर अजून पुढे सरका.

दिवसा एक चक्कर मारून खड्डे, कुत्री, गेट कधी बंद होतं ते बघून ठेवा, आत जायला परवानगी लागते का तेही विचारा. अमावस्येच्या आसपास जा, डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मध्येच कोणी मोबाइल काढला की परत पहिल्यापासून, म्हणून टॉर्चला लाल कागद लावा.