सरकारी बँकेत रुजू होताना: जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टी

आयबीपीएसचा, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षेचा, निकाल लागला की ओळखीतली मुलं-मुली फोन करतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, पोस्टिंग कुठे मिळेल?" मी त्यांना उलट विचारतो, "ज्या बँकेत चाललात तिचा गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद पाहिलात का?" पलीकडे जरा शांतता पसरते. कारण घरच्यांनी आणि क्लासवाल्यांनी सांगितलेलं असतं की सरकारी नोकरी म्हणजे सरकारी नोकरी, बँक कुठली याने काय फरक पडतो?

खूप फरक पडतो. आपल्याच राज्यातल्या दोन बँका बघा. मुंबईची देना बँक आणि पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र, दोन्हींची थकीत कर्जं इतकी वाढली की 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने दोघींवर पीसीएची, म्हणजे त्वरित सुधारणा कारवाईची, बंधनं घातली. 2018 मध्ये देना बँकेला नवीन कर्ज द्यायला आणि नवीन माणसं घ्यायलाही मनाई झाली आणि 1 एप्रिल 2019 ला ती विजया बँकेसोबत बँक ऑफ बडोदात विलीन झाली. बँक ऑफ महाराष्ट्र जानेवारी 2019 मध्ये बंधनांतून बाहेर पडली आणि पुढे कर्जवाढीत सरकारी बँकांमध्ये आघाडीवर राहिली. दोन्हीकडे एकाच परीक्षेतून, एकाच पगारश्रेणीत लागलेली मुलं होती. पाच वर्षांनंतर त्यांची आयुष्यं सारखी राहिली नाहीत.

विलीनीकरणात नोकरी जात नाही, हे खरं आहे. मात्र बाकी बरंच काही हलतं. मी ज्या बँकेत लागलो तिचंही विलीनीकरण झालं. एकाच रस्त्यावर दोन्ही बँकांच्या शाखा होत्या, त्यांची एक झाली. जादा ठरलेल्या माणसांना दुसऱ्या झोनमध्ये पाठवलं गेलं. खाती नव्या सिस्टीममध्ये गेली त्या आठवड्यात आम्ही रात्री उशिरापर्यंत शाखेत होतो आणि पुढे कित्येक महिने पेन्शनर मंडळींना बदललेला आयएफएससी कोड, नवीन चेकबुक, नवीन पासबुक समजावत होतो. पण त्याहून अवघड होतं ते नवीन बँकेच्या पद्धती शिकणं. कुठल्या अधिकाऱ्याला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार, कुठला प्रस्ताव कुणाकडे जातो, सगळंच निराळं. 2017 मध्ये स्टेट बँकेच्या पाच सहयोगी बँका तिच्यात गेल्या, 2020 मध्ये दहा बँकांच्या चार झाल्या, आणि 27 सरकारी बँका होत्या तिथे आज 12 आहेत. आणखी विलीनीकरण होणार नाही असं गृहीत धरून घर, शाळा, कर्जाचे हप्ते यांची आखणी करू नका.

आता शाखेच्या आतली गोष्ट. 1969 ला 14 आणि 1980 ला 6 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या आणि भरती जोरात झाली. 1991 नंतर वारं फिरलं. नफा, भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीला पुरेसं भांडवल), प्रति कर्मचारी व्यवसाय ही भाषा आली, संगणक आले आणि भरती जवळपास थांबली. 2000-01 च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांमधून सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली. आयबीपीएसची सामाईक परीक्षा सुरू झाली 2011 मध्ये. मधल्या काळात जी पिढी घडायला हवी होती ती घडलीच नाही. मी रुजू झालो त्या शाखेत निवृत्तीला आलेले काका होते आणि आम्ही पंचविशीतली पोरं, मधलं कुणीच नाही. काका निवृत्त झाले तसं त्यांच्याबरोबर गावचं ज्ञानही गेलं: कुठल्या सर्व्हे नंबरवर आधीच बोजा आहे, कुणाची सही वळणदार असली तरी नियत वाकडी आहे.

या पोकळीने आमच्या पिढीला प्रमोशन लवकर दिलं. तिशीच्या आत माणूस शाखाधिकारी होतो. घरच्यांना अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण कर्ज बुडालं की स्टाफ अकाउंटेबिलिटीची, म्हणजे कर्मचाऱ्याची चूक होती का याची, चौकशी येते आणि तिथे तुमचं वय कुणी विचारत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, शाखेत एखादे जुने क्लार्क किंवा दफ्तरी उरले असतील तर त्यांच्याजवळ बसा. कर्जाची जुनी फाइल पहिल्या पानापासून वाचा. सर्च रिपोर्ट (मालमत्तेची मालकी आणि बोजा यांचा शोध अहवाल), सात-बारा, फेरफार स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. तोंडी आदेशावर कधीही पैसे वितरित करू नका, वरिष्ठ कितीही प्रेमाने सांगोत. "सर, एवढं मेलवर पाठवता का?" हे वाक्य नम्रपणे म्हणायला शिका.

काम कसं बदललंय ते ग्रामीण शाखेतल्या एका जून महिन्यात कळतं. दारात पीक कर्जाची गर्दी. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख सवलतीमुळे शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं, त्यामुळे नूतनीकरण त्याच्याही हिताचं. पण कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की लोक थांबतात, खातं थकीत होतं आणि पुढच्या हंगामात त्याच माणसाला नवीन कर्ज देता येत नाही. त्याच दिवशी झोनल ऑफिसचा फोन येतो: विम्याचं टार्गेट किती झालं? गोल्ड लोन किती? कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या) ठेवी का घसरल्या? सरकारला जनधन, मुद्रा, पीक कर्ज हवं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या बँकेला तिमाही नफा हवा आहे. दोन्ही मागण्या एकाच टेबलावर येतात आणि त्या टेबलामागे तुम्ही असता. 2020 च्या वेतन करारात तर पगाराला नफ्याची जोड मिळाली: बँकेचा कार्यचालन नफा 5 टक्क्यांहून जास्त वाढला तर वाढीनुसार 5 ते 15 दिवसांचा पगार प्रोत्साहन म्हणून द्यायचं ठरलं.

विम्याबद्दल माझं मत ठाम आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसाच्या गळ्यात त्याला न कळणारी पॉलिसी मारू नका. टार्गेट चुकलं तर मीटिंगमध्ये बोलणी बसतील, ती सहन करा. दुसऱ्या वर्षी हप्ता भरता न येणारी विधवा बाई काउंटरवर उभी राहते तेव्हा तिला उत्तर द्यायला झोनल ऑफिस येत नाही.

शाखेतले सगळे आता बँकेचे कर्मचारी नसतात, हेही लक्षात घ्या. सुरक्षारक्षक एजन्सीचा, सफाईवाली ताई कंत्राटावर, एटीएमची रोकड भरणारे तिसऱ्याच कंपनीचे. आणि गावात आधारवर अंगठा घेऊन पैसे देणारा बँक मित्र कमिशनवर जगतो. गावाच्या दृष्टीने बँक म्हणजे तोच. त्याचं कमिशन अडलं तर पाठपुरावा तुम्ही करा आणि महिन्यातून एकदा तरी त्याच्या केंद्रावर अचानक जाऊन ग्राहकांशी बोला. दोन्ही गोष्टी लागतात, कारण गैरव्यवहार होतो तोही तिथेच.

पेन्शनचं थोडक्यात: 1 एप्रिल 2010 पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे दोघांच्या वर्गणीवर चालणारी राष्ट्रीय पेन्शन योजना, आहे. तुमचे मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे 10 टक्के, बँकेचे 14 टक्के. शेजारच्या निवृत्त काकांच्या पेन्शनशी आपली तुलना करू नका, स्वतःची बचत पहिल्या पगारापासून सुरू करा.

रुजू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत रोख मोजण्यापासून डे-एंडपर्यंत (दिवसअखेरचा हिशेब बंद करण्यापर्यंत) सगळी टेबलं मागून घ्या, कुणी देत नसेल तरी. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा प्रोबेशनमध्येच द्या, नंतर वेळ मिळत नाही. पीओ (प्रोबेशनरी अधिकारी) म्हणून जात असाल तर देशभर बदली धरून चाला आणि ज्या राज्यात जाल तिथली बोली शिका. आंध्रात गेलेल्या आपल्या एका मराठी मुलीची कर्जवसुली मोडक्यातोडक्या तेलुगूमुळे सुरळीत चालते. रोज सकाळी एसएमएची, म्हणजे हप्ते थकायला लागलेल्या खात्यांची, यादी उघडा. हप्ता चुकून 30 दिवस झालेत तोवर कर्जदार फोन उचलतो आणि अडचण सांगतो. 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं आणि मग तो तुम्हाला पाहून रस्ता बदलतो.