गड उतरताना या चुका टाळा

हरिहर असो, साल्हेर असो की कळसूबाई, नाशिकहून निघणारे ग्रुप चढाईची तयारी नीट करतात. उतरणीची फारसे कुणी करत नाही. पण दमलेले पाय, संपत आलेलं पाणी आणि घरी पोचायची घाई, हे तिन्ही गाठ घेतात ते उतरणीवरच.

परतीची वेळ माथ्यावर बसून ठरवू नका. पायथ्याला ठरवा आणि पाळा, माथा राहिला तरी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पूर्वेकडच्या उतारावर अंधार त्याहून लवकर जाणवतो. साल्हेर 1567 मीटर उंच आहे, तिथून दुपारी अडीचला पाय काढलेला बरा. एक लिटर पाणी उतरणीसाठी बाजूला ठेवा. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. मोबाइल हातात असला की आधाराचा एक हात गेलाच.

सगळ्यात जास्त माणसं घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खडीच्या उतारावर, पडतात. भीतीने अंग मागे जातं, सगळा भार टाचेवर येतो आणि पाय पुढे सटकतो. गुडघे थोडे वाकवा, अंग किंचित पुढे ठेवा, पाऊल आडवं आणि पूर्ण टेकवा, पावलं लहान टाका. खोल, भुसभुशीत मुरमात मात्र टाच रोवलेली चालते. खरा धोका कडक जमिनीवर पसरलेल्या बारीक खडीचा: ती पायाखाली मोहरीसारखी फिरते. दिवाळीनंतर आडवं पडलेलं वाळकं गवतही तसंच निसरडं. पाऊल गवताच्या बुडख्यावर ठेवा. वाळक्या कारवीचा आधार घेऊ नका, कटकन मोडते. तोल गेलाच तर कुशीवर बसा. हात मागे टेकला की मनगट जातं.

उतारावर एकाच्या डोक्यावर दुसरा, असं कधीच नको. मोकळ्या उतारावर तिरपे चाला. नाळेत, म्हणजे दोन कड्यांमधल्या अरुंद उतरत्या घळीत, एकेकाने उतरून कातळाच्या आडोशाला थांबा. दगड सुटला की "दगड!" असं ओरडा. खालच्याने वर बघायचं नाही, कातळाला चिकटायचं.

हरिहरच्या कातळपायऱ्यांवर बसून सरकणं फार महागात पडू शकतं. पाठीवरची सॅक वरच्या पायरीला अडकते आणि तुम्हाला बाहेर ढकलते. पायऱ्यांकडे तोंड करा, हात बाजूच्या खोबण्यांत घाला आणि एका वेळी एकच हात किंवा पाय हलवा. खालून कुणी चढतंय का, हे आधी हाक मारून विचारा.

अलंग-मदन या गडांच्या कातळटप्प्यांवर दोर लागतो. जाणकार सोबत नसेल तर तिकडे जाऊच नका. दोराच्या टोकाला गाठ, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक, डिसेंडरपासून (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनापासून) दूर बांधलेले केस आणि ओढणी: हे प्रत्येकाचं दुसऱ्याने तपासायचं.

पाय लटपटू लागले तर दहा मिनिटं बसा, मीठ-साखरेचं पाणी प्या, काठी 5 ते 10 सेंटिमीटरने लांब करा. बोटं बुटाच्या टोकाला आपटत असतील तर घोट्याजवळची लेस आवळा. नखं आदल्या दिवशीच कापलेली हवीत.

वाट माहीत असलेला एक जण पुढे, दुसरा सर्वांत मागे. वाट चुकली तर ओढ्याने खाली उतरू नका. सह्याद्रीतले ओढे अचानक कड्यावर जाऊन संपतात, आणि कोरड्या धबधब्यावरून परत वर येणं फार अवघड जातं. कंटाळा आला तरी शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे चढा. अंधारच पडला तर सगळे एकत्र बसा आणि 112 ला फोन करा.